चौथ्या खुर्चीची वीण

वैशाख लागला की आमच्या मागच्या अंगणातल्या शहाबादी फरशीला सकाळी दहालाच चटका बसू लागतो. कडुनिंबाचा मोहर गळून फरशीच्या सांध्यांत साठतो, झाडायला गेलं की त्याचा कडसर गोड वास हाताला राहतो. पाण्याची बादली ओतली तर फरशी क्षणभर काळी होते, वाफेचा वास येतो आणि बघता बघता पुन्हा पांढुरकी. दर वर्षी हे सगळं तसंच घडतं आणि दर वर्षी मी ठरवते की यंदा जुनं काही काढत बसायचं नाही. यंदा तर मी नुसती खुर्च्या दुरुस्त करून घ्यायला बसले होते.

वेतकाम करणारे एक म्हातारे गृहस्थ आले होते. बबनराव त्यांचं नाव. त्यांनी आमच्या चारही खुर्च्या उलट्या करून फरशीवर मांडल्या, एकेका बैठकीवर अंगठा दाबला आणि चौथीपाशी थांबले.

"ताई, ह्या तीन गेल्यात. वीण बसलीय पार. ही एक मागनं घेतली का?"

"नाही हो. चारही एकाच दिवशी आल्यात. वीसेक वर्षं झाली."

त्यांनी पुन्हा अंगठा दाबला. वेत जरासुद्धा खाली गेला नाही.

"मग हिच्यावर कुणी बसलेलंच न्हाई," ते म्हणाले आणि ती बाजूला ठेवून कामाला लागले. कारागीर माणूस, त्याला वीण कळते, घरातलं विचारायचं नाही हेही कळतं.

ती खुर्ची माझ्या वडिलांसाठी घेतलेली होती. त्यांना आम्ही दादा म्हणायचो.

ती घेतली त्या वर्षीच्या वैशाखात मला एकच गोष्ट हवी होती. कंपनी मला दोन वर्षांसाठी परदेशी पाठवणार होती. त्याआधी दादा, आई, धाकटा भाऊ राहुल आणि मी, अशा चौघांनी मागच्या अंगणात एकदा तरी एकत्र बसून जेवावं, एवढंच. आणि दादांना नेमकी तीच एक गोष्ट द्यायची नव्हती. त्यांनी तसं कधी तोंडाने सांगितलं नाही. नाही म्हणणारा माणूस एक वेळ परवडतो, त्याच्याशी भांडता तरी येतं. दादा नुसते ताट उचलून आत जायचे.

वारजे तेव्हा धड गाव नव्हतं, धड शहरही नव्हतं. आमच्या रो-हाउसच्या एका अंगाला बायपासवरचे ट्रक, दुसऱ्या अंगाला कोणाचा तरी उरलेला उसाचा तुकडा. त्यात एक दिवस उभा ऊस असायचा आणि दुसऱ्या दिवशी चुन्याच्या रेघा. सकाळी नाक्यावर कंपनीची बस यायची. गळ्यात ओळखपत्र अडकवून आम्ही वीस-पंचवीस जण तिची वाट बघत उभे राहायचो आणि ते ओळखपत्र कुणाला दिसत नसेल तर सरळ करून ठेवायचो. ऑनसाइट, म्हणजे कंपनीच्या कामासाठी परदेशी, हा शब्द तेव्हा असा उच्चारला जायचा की घरातली मोठी माणसंही आवाज खाली करून विचारायची, "कधी जायचंय?"

माझी एक मैत्रीण औंधला राहायची. तिच्या बंगल्यामागच्या हिरवळीवर वेताचं गोल टेबल होतं, चार खुर्च्या, वर कापडी छत्री. एका रविवारी तिथे जेवायला गेले. तिचे वडील अर्धी चड्डी घालून बसलेले, आई काकडी चिरत गप्पा मारतेय, कुणीही कुणाला आग्रह करत नाहीये. मला त्या घराचा हेवा वाटला, हे कबूल करायला आता लाज नाही. तिथली श्रीमंती मला नको होती. घरातली माणसं इतकी सैल बसू शकतात हेच मला नवीन होतं. आमच्याकडे जेवताना दादा सदऱ्याचं गळ्याचं बटण लावून बसायचे.

आमचं टेबल आतलं. सनमायकाचं, चार खुर्च्यांचं, दादा पाटबंधारे खात्यात नोकरीला लागल्यावर सरकारी क्वार्टरमध्ये घेतलेलं. त्या टेबलाचे काही नियम होते. घरात आलेला माणूस कुणीही असो, त्याला आत बोलवायचं आणि टेबलाशी बसवायचं. नळ दुरुस्त करणारा असो, गॅसची टाकी आणणारा असो, नाही तर रद्दीवाला. चहा एकाच प्रकारच्या कपात. आई कधी घाईत म्हणाली, "त्याला तिथेच द्या ना पायरीवर," तर दादा काही न बोलता स्वतः कप घेऊन त्या माणसाला आत घेऊन यायचे. आम्हा पोरांना ती त्यांची तऱ्हा वाटायची. प्रत्येक घरात असते तशी एक.

टेबल-खुर्च्या घ्यायचं ठरलं तेव्हा मी दादांना बरोबर चला म्हणाले, ते लगेच पायांत चपला घालून तयार. मला वाटलं, जिंकले.

आधी आम्ही बाणेर रस्त्यावरच्या एका नव्या शोरूममध्ये गेलो. काच, थंडगार हवा, आणि टाय लावलेला एक मुलगा. "सर, ही ऑल-वेदर आहे. एक्सपोर्ट क्वालिटी. पाऊस पडू द्या, ऊन पडू द्या, नो टेन्शन." दादांनी चष्मा वर करून ती प्लॅस्टिकची वीण जवळून पाहिली. "विणली कुणी?" असं विचारलं. मुलगा गोंधळला. म्हणाला, "सर, बाहेरून येते." दादा म्हणाले, "बाहेरून येते ते दिसतंय. विणली कुणी ते विचारतोय." मी त्यांचा दंड धरून बाहेर काढलं. मला हसूही येत होतं आणि घामही फुटला होता, कारण तो मुलगा आमच्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती मला सोसवत नव्हती.

मग शनिवार पेठ. अरुंद दुकान, पुढे टोपल्या टांगलेल्या, आत वेताचा कोरडा, गवतासारखा वास. मालक गल्ल्यावर पेपर वाचत बसलेले. मी खुर्चीत बसून जरा मागे रेलले.

"बसून बघायला हरकत नाही," ते पेपराआडून म्हणाले. "झोके घ्यायला संभाजी बाग आहे."

दादांना हे दुकान फार आवडलं. त्यांनी एकेक खुर्ची उलटी केली, पायांच्या बांधण्या पाहिल्या, बैठकीवर तळहात ठेवून भार दिला. "पाणी लागलं तर?"

"लागू देऊ नका."

"मागच्या अंगणात ठेवायच्यात."

"मग पावसाला तसं कळवून ठेवा."

दोघंही एकमेकांकडे न बघता बोलत होते आणि दोघंही खूश होते. शेवटी दादांनी हात असलेल्या, उंच पाठीच्या खुर्च्या निवडल्या. मी धीर करून विचारलं, "किती घ्यायच्या?"

"चार."

मी लगेच पर्स उघडली. राहुलही आमच्याबरोबर आला होता, त्यानं मागून मला कोपर मारलं. दादांनी ते पाहिलं असावं. म्हणाले, "घरात माणसं चार आहेत. तीन घेतल्या तर लोक विचारतील, चौथा कुठे गेला."

ते एवढंच म्हणाले होते. बाकीचं मी ऐकलं.

टेम्पोतून टेबल आलं तेव्हा ते घरातूनच मागे न्यावं लागलं, बाजूनं वाट नव्हती. दोन हमाल घामाघूम झाले होते. मी त्यांना मागेच पाणी द्यायला निघाले, नव्या खुर्च्यांवर पहिल्यांदा कोण बसतंय याची मला उगाच धास्ती होती, तेवढ्यात दादांनी त्यांना आत हाक मारली. ते दोघं सनमायकाच्या टेबलाशी उभेच राहिले. "कपडे खराब आहेत, साहेब." दादा म्हणाले, "खुर्ची धुता येते. बसा." दोघांनी खुर्चीच्या कडेवर टेकून चहा घेतला. बाहेर कडुनिंबाखाली माझा नवा संसार मांडलेला होता, चार खुर्च्या, गोल टेबल, वर मैत्रिणीकडे पाहून घेतलेलं चौकटीचं कापड. दादा स्वयंपाकघराच्या मागच्या दारात, उंबऱ्याच्या आत उभे राहून ते बघत होते. "छान दिसतंय," ते म्हणाले आणि पंखा लावायला आत गेले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एकच चालायचं. उन्हं उतरली की मी फरशीवर पाणी मारायची, चार ताटं मांडायची. आई लगेच येऊन बसायची. ती खडकीच्या कामगार वस्तीत वाढलेली, दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसांत जेवलेली. मोकळ्या हवेत बसून जेवायला मिळणं म्हणजे तिला सणच. राहुल पाय वर घेऊन बसायचा. मग दादा यायचे, दारात थांबायचे, हात लांब करून आईकडून आपलं ताट मागून घ्यायचे. "बसा तुम्ही," असं म्हणायचे आणि आत जायचे. आतून चमच्याचा आवाज यायचा. गुरुवारी वीज जायची, घरात शिजून निघायला व्हायचं, तरीही आतच. आम्ही तिघं बाहेर वाऱ्याला आणि ते आत, एका हातानं पेपर हलवत वारा घेत. पलीकडच्या बाई भिंतीवरून डोकवायच्या. "काकांना बरं नाही का?" मी सांगायची, "त्यांना माशांचा त्रास होतो." दुसऱ्या दिवशी त्याच बाईंना आई वेगळं काही तरी सांगायची.

मला कारण माहीत नव्हतं असं मात्र नाही. इथे मला खोटं बोलता येणार नाही. मला ते पक्कं माहीत होतं.

दादांची थोरली बहीण, आमची आत्या, तिनं ते आम्हाला लहानपणीच सांगितलं होतं. आम्ही धम्म घेण्याआधीची गोष्ट. गावातल्या मोठ्या घरी लग्न निघालं की आमच्या लोकांना जेवणाचं बोलावणं असायचं, पण घराच्या मागच्या परड्यात. "आमी मागं बसायचो," आत्या सांगायची. "ताट आपलं आपुन न्यायाचं. आतल्या समद्या पंगती उठल्याबिगर काय न्हाई. मग वाढपी यायचा, वरनं टाकायचा, हात लांब धरून. शेणाच्या ढिगापाशी बसून खायाचं. तुझा बाप आठ वरसाचा आसंल. त्यो उठला आन् आतली पंगत बगाया दारापतुर गेला. पोरच ते. तर आतनं एक जण वरडला, ए, मागं बस. त्यो ताट तितंच टाकून घरला गेला. त्यानंतर त्यो भाईर जेवला न्हाई. शेतावर गेला तरी उपाशी यायचा."

हे सगळं माहीत असून मी खुर्च्या घेतल्या. कारण मला वाटलं, ती गोष्ट गावातली. तिचं परडं वेगळं, माझं अंगण वेगळं. इथे शहाबादी फरशी आहे, वेताच्या हात असलेल्या खुर्च्या आहेत, घराच्या कागदांवर दादांचं नाव आहे. एकदा, फक्त एकदा ते त्या खुर्चीत बसले की ते आठ वर्षांचं पोर उठून जाईल असा माझा हिशेब होता. पंचविशीत माणसाला वाटतं की मागच्या पिढीचं दुखणं आपल्या पगारातून बरं होईल. शिवाय मला रागही यायचा. इतकं शिकलेला माणूस, इतका वाचणारा, आणि एका ताटापाशी अडतो. मी जायला निघालेय आणि ह्यांना एक संध्याकाळ काढता येत नाही. असं सगळं मनात यायचं आणि मी भांडी जरा जास्तच आवाज करून ठेवायची.

वैशाखी पौर्णिमा आली. त्या दिवशी घरात लगबग असते. सकाळी पांढरे कपडे घालून आम्ही वंदना घेतली, मेणबत्त्या उन्हाच्या झळीनं वाकल्या, आईनं पातेलंभर खीर केली. ऑफिसातला माझा टीम लीड समीर, त्याची बायको आणि दोन मुलं दुपारी जेवायला येणार होती. मला पाठवायचं की नाही यावर ज्यांचं मत घेतलं जातं त्यांतला तो एक. त्यामुळे मी सकाळपासूनच ताणात होते. पडदे दोनदा बदलले, राहुलला तीनदा दाढी करायला सांगितलं.

ते आले तेव्हा साडेबारा झाले होते. ऊन असं की दारातून आत आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी यावी. मुलं लालबुंद. आतल्या टेबलावर पंखा होता आणि खुर्च्या चार. पाहुणे चार. मागे निंबाखाली सावली होती आणि खुर्च्या चार. आम्ही चार. मला हे इतकं सोपं वाटलं, इतकं नीट जमून आलेलं, की मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसत हसत म्हणाले,

"पाहुणे आत बसतील. दादा, आपण मागं बसू."

बोलले आणि ते शब्द माझ्याच कानांवर आत्याच्या आवाजात आले.

दादांच्या हातात पाण्याचा जग होता. ते माझ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. मागे समीर टेबलाशी खुर्ची ओढत होता, तिचा फरशीवर आवाज झाला. मला वाटलं आता जग पडेल. पडला नाही.

"बरं," दादा म्हणाले.

मग त्यांनी पाहुण्यांना वाढलं. इतक्या आग्रहानं की मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं. "अजून एक पोळी घ्या. खीर घ्या, आज खिरीला नाही म्हणायचं नसतं. बाळा, तुला लोणचं चालतं का?" समीर बिचारा भला माणूस, दोनदा म्हणाला, "काका, तुम्हीपण बसा ना आमच्याबरोबर." दादा म्हणाले, "नंतर, नंतर." मी पळत जाऊन पाचवी खुर्ची आत आणायला हवी होती. सगळ्यांना दाटीवाटीनं आत बसवायला हवं होतं. हे आता सुचतं. तेव्हा मी गोठल्यासारखी वाटीत खीर ओतत राहिले. बाहेर आई आणि राहुल ताटांपुढे बसून होते. चौथ्या ताटातल्या खिरीवर साय धरली, निंबाचं एक फूल त्यात पडलं. दादा वाढताना सहा-सात वेळा स्वयंपाकघरात आले, दर वेळी मागच्या दारापर्यंत येऊन परत फिरले.

पाहुणे तीनला गेले. जाताना समीरची बायको म्हणाली, "किती प्रेमळ आहेत तुझे बाबा." मी दार लावलं.

"दादा, जेवून घ्या. मी आत वाढते."

"भूक मेली आता."

ते टेबल पुसत होते. मी फडकं त्यांच्या हातातून घ्यायला गेले तर त्यांनी दिलं नाही. पुसलेलीच जागा पुन्हा पुसत राहिले. मग म्हणाले, "तू काही चूक केली नाहीस, सुजाता. पाहुण्यांना आतच बसवायचं असतं. फक्त मला वाटलं होतं, हे घर झाल्यावर ते वाक्य मला परत ऐकावं लागणार नाही."

मी माफी मागायला हवी होती. पण लाज वाटली की माझी जीभ उलटी चालते. मी म्हणाले, "मग दुकानात कशाला आलात? चार खुर्च्या कशाला घ्यायला लावल्यात?" आवाज चढला होता. राहुल मागच्या दारात येऊन थबकला.

दादांनी फडकं घडी करून ठेवलं. "तुम्हाला बाहेर बसून जेवायला आवडतं," ते म्हणाले. "आवडतं, ही मोठी गोष्ट आहे. मी त्यासाठीच आलो होतो. मला मात्र ते जमणार नाही. पुन्हा बोलवू नकोस."

मी पुन्हा बोलावलं नाही. संध्याकाळी आता आई तीनच ताटं बाहेर आणायची. चौथ्या खुर्चीवर राहुल वर्तमानपत्र ठेवायचा, पण बसायचं कुणी नाही. तसं काही ठरलं नव्हतं. घरात दादांशी माझं बोलणं कामापुरतं राहिलं. व्हिसाचे कागद, फोटो, बॅगेचं वजन. आकाशात दुपारी ढग जमायचे, वावटळीनं प्लॉटवरचा चुना उडून आमच्या फरशीवर यायचा, पाऊस मात्र पडायचा नाही. आम्ही दोघंही त्या हवेसारखेच दाटून होतो.

त्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की दादांनी आतल्या टेबलाशी आपली जागा बदलली आहे. इतकी वर्षं ते पुढच्या दाराकडे तोंड करून बसायचे, कोण आलं ते कळावं म्हणून. आता त्यांनी खुर्ची टेबलाच्या पलीकडे नेली आणि पुढच्या दाराला पाठ करून बसू लागले. मी त्याचा अर्थ माझ्यापुरता लावला. म्हणजे पाहुणे नकोत, कुणीच नको. माझ्यावरचा राग त्यांनी असा खुर्चीवर काढलाय. आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांना तिथे बरं वाटतं."

निघण्याआधीचा शेवटचा रविवार. मी ठरवलं, ते बाहेर येत नाहीत ना, मग मी आत जाते. माफी मागायचा मला सुचलेला तो एकच मार्ग होता. आई आणि राहुल बाहेर बसले. मी माझं ताट घेऊन आत गेले आणि दादांच्या बरोबर समोर बसले.

त्यांनी वर पाहिलं. "तू इथे कशाला? बाहेर जा."

"नको. तुमच्याबरोबर जेवते."

"अगं जा ना. त्यांच्यात जाऊन बस."

"दादा, आठ दिवसांनी मी नसणार आहे."

"म्हणूनच म्हणतोय. जा बाहेर." आवाजात चिडचीड होती. घास हातात घेऊन ते डावीकडे कलले, मग उजवीकडे, जसं काही माझ्याकडे बघायचंच नाहीये. मी मान खाली घालून जेवत राहिले. वरणात डोळ्यांतलं पाणी पडलं, ते त्यांना दिसू नये म्हणून आणखी वाकले. हट्टानं शेवटचा घास संपेपर्यंत उठले नाही. बाहेर राहुल आईला काही तरी सांगून हसवत होता. मला वाटलं, एवढं करूनही ह्यांना मी समोरसुद्धा नको आहे. ते ओझं घेऊन मी विमानात बसले आणि बरीच वर्षं ते उतरलं नाही.

पुढे बाकी सगळं नीट झालं. परत आले, लग्न झालं, दादा माझ्या मुलीला मांडीवर घेऊन गोष्टी सांगायचे. सणावाराला आम्ही यायचो, बाहेर जेवायचो, दादा आत त्यांच्या त्या जागेवर. त्या रविवारबद्दल मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चार वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या खुर्चीवर नंतर कुणी बसलं नाही, तिथे आईच्या गोळ्यांचे डबे आणि विजेची बिलं साठत गेली.

आज बबनरावांनी दुपारपर्यंत दोन खुर्च्या विणल्या. ओला वेत त्यांच्या बोटांतून सरसर जात होता आणि पाण्यात भिजलेल्या गवताचा तोच शनिवार पेठेतला वास अंगणभर होता. एक वाजता मी दादांच्या नियमाप्रमाणे त्यांना आत जेवायला बोलावलं.

"ताई, राग मानू नका," ते म्हणाले. "पसारा मांडलाय, वेत वाळंल. आन् हितं निंबाखाली लई ग्वाड वाटतंय. हितंच बसू द्या."

मी आग्रह केला. ते हसले, पण हलले नाहीत. त्यांना खरंच तिथे बसायचं होतं. मग आई म्हणाली, "माणूस एकटा कशाला जेवेल, मी बसते त्यांच्याबरोबर." तिनं आपलं ताट घेतलं. पंचाहत्तरीची बाई, खाली बसता येत नाही. दोन खुर्च्या ओल्या, एक उघडी पडलेली. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि बाजूला ठेवलेली चौथी खुर्ची ओढून तिच्यावर बसली. इतक्या सहज, की मी काही म्हणायच्या आत बसून झालं होतं.

मला ऊन सोसत नाही आताशा. मी माझं ताट आत आणलं. टेबलाच्या माझ्या बाजूला आईनं वाळवणाच्या पिशव्या ठेवलेल्या. त्या हलवण्यापेक्षा मी पलीकडे गेले, दादांच्या खुर्चीवरचे गोळ्यांचे डबे खिडकीत ठेवले आणि तिथे बसले.

पहिला घास घेऊन वर पाहिलं.

समोर स्वयंपाकघराचं दार, त्याच्या नेमकं पलीकडे मागचं दार, आणि त्या चौकटीत अख्खं अंगण. निंबाचा बुंधा, गोल टेबल, चौथ्या खुर्चीत रेलून बसलेली आई, फरशीवर मांडी घातलेले बबनराव. आई काही तरी सांगत होती आणि ते घास तोंडाशी धरून हसत होते. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही जागेवरून हे दिसत नाही. मी नंतर प्रत्येक खुर्चीत बसून पाहिलं. फक्त इथूनच दिसतं. ते होते तेवढी सगळी वर्षं आम्ही बाहेर पाय पसरून जेवत होतो, हसत होतो, कुणीही आम्हाला तिथे बसवलेलं नव्हतं, आणि दादा आत बसून ते बघत होते. त्यासाठी त्यांनी जागा बदलली होती. आणि त्या शेवटच्या रविवारी ते डावीकडे कलत होते, उजवीकडे कलत होते, मला जा म्हणत होते, कारण मी मध्ये बसले होते. त्यांना मला तिथे, बाहेर, त्या चौकटीत बघायचं होतं. जाण्याआधी एकदा.

मी उठून जायला हवं होतं. मी हट्टानं शेवटच्या घासापर्यंत बसून राहिले.

बाहेरून आईची हाक आली. "सुजाता, आत काय करतेयस एकटी? इथे वारा सुटलाय, ये ना."

मी खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.

"बसा तुम्ही," मी म्हणाले.